आधी चेसिस, मग आरसी

"विलीज आहे, बेचाळीसची, एकदम ओरिजिनल." जुन्या जीपसाठी मला फोन येतो तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक हेच असतं. बेचाळीस, म्हणजे १९४२, या सालाला बाजारात वजन आहे आणि विलीज या अमेरिकन कंपनीच्या नावाला त्याहून जास्त. त्यामुळे गाडी काहीही असो, विकताना ती बेचाळीसची विलीज होते.

उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. किंगपिनचे बुश, हबचं काम, जुन्या पिस्टनला लागणारे पिन, असली कामं करता करता जीपवाल्या लोकांशी ओळखी वाढल्या. आता गाडी घ्यायची म्हटली की कुणी ना कुणी मला उचलून घेऊन जातो. मीही जातो, कारण या गाड्यांवर माझा जीव आहे. ऐंशी वर्षं झालेलं लोखंड अजून चालतंय आणि त्याच्याबद्दल धादांत खोटं सांगितलं जातंय, हे मला सहन होत नाही.

या ऊसतोडीच्या हंगामात मावसभावाचा फोन आला. गडहिंग्लजच्या पुढे एका शेतकऱ्याकडे बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या शेडमध्ये जीप उभी आहे, दलाल मध्ये आहे, बयाणा द्यायचा की नाही ते तू सांग. गेलो.

गाडी लाल रंगाची, डावं स्टिअरिंग, हूड नाही, पुढची काच बॉनेटवर पाडलेली. मालक म्हणजे ऐंशीच्या घरातले आबा. खुर्ची टाकून शेडच्या दारात बसले होते.

"आबा, गाडी घरात कुठनं आली?"

"वडलांनी घेतली. मिलिटरीच्या लिलावातली हाय असं सांगायचे. मी तवा शाळेत हुतो."

"खाली शिरून बघू का जरा?"

"बघा की. लपवायचं काय हाय त्यात."

दलालाला मात्र घाई. त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून आरसी बुक काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "साहेब, आधी पेपर बघा. पेपर एकदम क्लिअर आहेत." पेपरवर मेक विलीज, साल १९५१, आणि इंजिन नंबर व चेसिस नंबर दोन्ही एकच, 'एमबी' ने सुरू होणारा.

तेवढ्यावरच मला दोन गोष्टी खटकल्या. 'एमबी' ही विलीज कंपनीची लढाईतली, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली, जीप. अमेरिकेत ओहायोतल्या टोलेडोच्या कारखान्यात ती १९४१ च्या अखेरीपासून १९४५ पर्यंत बनली आणि मग बंद झाली. म्हणजे १९५१ हे गाडी बनल्याचं साल असूच शकत नाही. ते नागरी नोंदणीचं साल आहे. लष्कराने काढून टाकलेल्या गाड्या लिलावातून लोकांकडे आल्या आणि नंबर घेताना जे साल चालू होतं तेच बुकात चढलं. असं शेकडो गाड्यांच्या बाबतीत झालंय, त्यात फसवणूक काही नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. विलीजच्या कारखान्यात इंजिनचा नंबर आणि चेसिसचा नंबर एकच ठेवायची पद्धत नव्हती. दोन्ही आकडे वेगवेगळे पडायचे. इंजिन आणि चेसिसला एकच नंबर मारायची ती फोर्ड. त्यामुळे "मॅचिंग नंबरची विलीज" असं कुणी छातीठोक सांगितलं की समजावं, बुकात एक नंबर दोनदा उतरवलाय.

फोर्डचं नाव इथे का आलं, तर लढाईच्या काळात लष्कराला जेवढ्या जीप हव्या होत्या तेवढ्या एकट्या विलीजला बनवणं शक्य नव्हतं. म्हणून विलीजच्याच ड्रॉइंगवर फोर्डनेही गाडी बनवली, तिचं नाव जीपीडब्ल्यू. विलीजच्या साधारण ३ लाख ६० हजार, फोर्डच्या साधारण २ लाख ७८ हजार. दोन्हींचे सुटे भाग एकमेकांना बसले पाहिजेत ही लष्कराची अट होती. आज जुनी जीप ओळखायला जी काही डोकेफोड करावी लागते, तिचं मूळ याच अटीत आहे. बर्माच्या आघाडीवरच्या वर्कशॉपमध्ये विलीजचं इंजिन फोर्डच्या चेसिसवर चढवलं असेल, तर ते नियमाप्रमाणेच होतं. आणि तेच काम १९७५ साली एखाद्या गॅरेजमध्येही झालेलं असू शकतं.

म्हणून मी कागद बाजूला ठेवतो आणि आधी चेसिस बघतो. इंजिन बदलतं, बॉडी बदलते, पाटे, ॲक्सलचं हौसिंग, चाकं सगळं बदलतं. चेसिस बदलली तर गाडीच बदलली.

पहिली खूण हाताला कळते, डोळ्यांनी बघायचीही गरज नसते. चेसिसचे दोन लांब दांडे पुढे रेडिएटरखाली एका आडव्या दांड्याने जोडलेले असतात. जाळीखालून हात घालायचा आणि तो आडवा दांडा चाचपायचा. गोल पाइप लागला तर विलीज. चौकोनी, उलट्या पन्हाळीसारखा चॅनल लागला तर फोर्ड. मी हात घातला आणि बोटं सरळ कडेवर टेकली. चॅनल होता. दलाल अजून विलीजच म्हणत होता.

मग नंबर. विलीजची नंबरपट्टी डाव्या दांड्याच्या आतल्या अंगाला, पुढच्या बंपरच्या मागे, रिव्हेटने ठोकलेली असते. कित्येक गाड्यांत पट्टी गेलेली असते आणि रिव्हेटची भोकं तेवढी राहतात. फोर्डचा नंबर पट्टीवर नसून डाव्या दांड्याच्या वरच्या तोंडावर थेट लोखंडात मारलेला असतो, बंपर आणि इंजिनच्या मधल्या पट्ट्यात. त्यावर ऐंशी वर्षांचं ग्रीस, चिखल आणि रंग बसलेला. इथे लोक ग्राइंडर लावतात आणि मला अक्षरशः पोटात कळ येते. नंबर फार खोल नसतो. ग्राइंडरचे चार फेरे मारले की गाडीचा जन्मदाखला भुगा होऊन खाली पडला.

मी काय करतो ते सांगतो. डिझेलचा बोळा ठेवून आधी ग्रीस मऊ होऊ द्यायचं आणि लाकडी पट्टीने खरवडायचं. मग थिनर आणि जुना टूथब्रश. रंग एकेक थर निघतो, वेळ लागतो. लोखंड दिसलं की त्यावर शाळेतला पांढरा खडू आडवा घासायचा आणि कोरड्या फडक्याने हलकं पुसून घ्यायचं. वरचा खडू निघून जातो, आकड्यांच्या खोबणीतला राहतो. मग टॉर्च दांड्याला समांतर, अगदी आडवा धरायचा. आबांच्या गाडीवर पहिल्यांदा 'जी' ची पाठ दिसली, मग 'पी' चा दांडा. 'डब्ल्यू' चा अर्धा भाग गंजाने खाल्लेला. त्यापुढचे आकडे मात्र एकामागून एक उठले. मावसभाऊ मोबाइलवर फोटो काढत होता आणि आबा खुर्चीवरून उठून बॉनेटला टेकून वाकून बघत होते. "इतकी वर्सं गाडी चालवली, ह्ये कधी बघितलंच न्हाई," म्हणाले.

तो नंबर खरा आहे हे कशावरून? पंच करून नवा नंबर मारणारे लोक आहेत, आणि चांगला मारणारेही आहेत. मी आकड्यांपेक्षा त्यांच्या आजूबाजूचं लोखंड जास्त बघतो. नंबर पुन्हा मारायचा तर जुना घालवावा लागतो, आणि घालवला की तिथला पृष्ठभाग शेजारच्यापेक्षा गुळगुळीत होतो किंवा किंचित खोलगट होतो. स्टीलची छोटी पट्टी दांड्यावर आडवी ठेवली आणि खालून उजेड आला, तर तिथे काहीतरी घासलंय. गंजाचे बारीक खड्डे आकड्याच्या आतून सलग पलीकडे गेलेले असतील तर आकडा गंजाच्या आधीचा. गंजाच्या खड्ड्यावर आकड्याची कड तीक्ष्ण बसली असेल तर आकडा नंतरचा. वेल्डिंगची शिवण जवळपास असेल तर दांड्याचा तो तुकडाच दुसऱ्या गाडीचा असू शकतो. आबांच्या गाडीत पट्टीखालून उजेड आला नाही आणि गंज आकड्यांच्या आरपार गेलेला होता.

संग्राहकांनी नंबर आणि डिलिव्हरीच्या तारखा जुळवून याद्या केल्या आहेत. त्यांत हा नंबर १९४३ च्या उत्तरार्धात बसतो. मूळ तारीख ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावरच्या पट्टीत असते. तिथे तीन पट्ट्या असायच्या आणि त्यांतल्या एकीवर कंपनीचं नाव, गाडीचा नंबर आणि लष्कराला दिल्याची तारीख. आबांच्या गाडीत झाकणच नव्हतं. आणि असतं तरी मी तेवढ्यावर विश्वास ठेवला नसता, कारण तशा कोऱ्या पट्ट्या आज विकत मिळतात, हवा तो नंबर आणि हवी ती तारीख मारून घेता येते.

मग इंजिन. लढाईतल्या दोन्ही जीपना एकच जातीचं इंजिन, चार सिलिंडर, २,१९९ सीसी, ६० अश्वशक्ती. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्याने हेड सपाट. नंबर उजव्या अंगाला पुढे, ऑइल फिल्टरजवळच्या घोटून सपाट केलेल्या जागेवर. फोर्डच्या इंजिनचा नंबर 'जीपीडब्ल्यू' ने सुरू होतो, विलीजचा 'एमबी' ने. शिवाय ओतकामातच ब्लॉकवर आलेला पार्ट नंबर बघायचा. विलीजच्या ब्लॉकवर ६३८६३२ असतो, फोर्डच्या ब्लॉकवर जीपीडब्ल्यू आणि पुढे ६०१५. पंचने मारलेला नंबर बदलता येतो, ओतकामातून उठलेला आकडा बदलणं अवघड. इथे ब्लॉक विलीजचा होता, आणि त्यावरचा 'एमबी' नंबर आरसीतल्या नंबराशी अगदी तंतोतंत जुळला.

आता कोडं सुटलं. १९५१ साली नोंदणी करताना कुणीतरी इंजिनवरचा नंबर वाचला, तोच चेसिसच्या रकान्यातही लिहिला आणि वर विलीज असं मेक टाकलं. चेसिसवरचा नंबर ग्रीसखाली होता, तो कुणी बघितलाच नाही. यातून एक गोष्ट नक्की होते, १९५१ च्या आधीच हे इंजिन या गाडीत होतं. म्हणजे ही अदलाबदल लष्करातच झालेली असण्याची शक्यता मोठी. मला हे फार मोलाचं वाटलं. इंजिन मूळ नाही, पण ते गाडीच्या खऱ्या इतिहासाचा भाग आहे.

बॉडीवर जास्त वेळ घालवला नाही, कारण ती बरीच हातची झालेली. जाळीत नऊ खाचा होत्या, म्हणजे लढाईतली. सातच असतील तर ती लढाईनंतरची सीजे, म्हणजे नागरी वापरासाठी काढलेली जीप. अगदी सुरुवातीच्या विलीजना दाबून काढलेली पत्र्याची जाळी नव्हती, पट्ट्या वेल्ड करून केलेली होती. पहिल्या २५,८०८ गाड्या तशा निघाल्या आणि १९४२ च्या वसंतात ते बंद झालं. दाबाची जाळी फोर्डची, म्हणून पट्ट्यांची जाळी लावलेली फोर्ड कुणी दाखवली तर ती नंतर सजवलेली आहे. पेट्रोल टाकीचं तोंड ड्रायव्हरच्या सीटखाली आहे, सीजेला ते बाहेरून असतं. मागचा पत्रा कापून बिजागऱ्यांचं फळकं बसवलंय, ऊस-खतांची पोती चढवायला. लढाईतल्या जीपला मागे उघडणारं फळकं नव्हतं.

डाव्या हेडलाइटने मात्र मला खूश केलं. या गाडीच्या हेडलाइट जाळीच्या आत, एका बिजागरीवर बसवलेल्या असतात. मागचा कानाचा नट सैल केला की दिवा उलटा फिरून इंजिनवर उजेड पाडतो, रात्री दुरुस्ती करायला. आबांच्या गाडीचा नट गंजून बसला होता. त्यावर तेल सोडून बाकीचं बघून परत आलो, हलकेच पक्कड लावली आणि दिवा कुरकुरत मागे वळला. ब्रॅकेटच्या बोल्टच्या डोक्यावर फोर्डचा तो वळणदार 'एफ'. फोर्डने बोल्टपासून ब्रॅकेटपर्यंत शक्य तिथे हे अक्षर टाकलं होतं. 'एफ' चे नवे बोल्टही विकत मिळतात, पण या बोल्टच्या डोक्यावर लालखाली राखाडी, राखाडीखाली निळा आणि अगदी तळाला मिलिटरीचा हिरवा रंग होता. हे चार थर कुणी एका दिवसात देत नाही.

मागचं हौसिंग लढाईतल्यासारखंच, हबच्या तोंडावर ॲक्सलची फ्लँज सहा बोल्टवर. चाकं पुढे-मागे वेगवेगळी, त्यांचं दुःख नाही.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त घोटाळा याच ठिकाणी होतो. महिंद्राने १९४९ मध्ये मुंबईत माझगावला जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे सीजे थ्रीबी इथेच बनवली. तिचं इंजिन उंच म्हणून बॉनेट उंच, त्यामुळे आपण तिला हाय बोनेट म्हणतो. ती उत्तम गाडी आहे आणि आपल्या रस्त्यांवर तिने जेवढं काम केलं तेवढं लढाईतल्या जीपने केलं नाही. पण हाय बोनेटचं बॉनेट उतरवून, हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या बाजारातून नवी बॉडी आणून, नऊ खाचांची जाळी लावून तीच 'बेचाळीसची विलीज' म्हणून विकणं हा त्या गाडीचाही अपमान आहे.

मी आबांच्या समोरच सगळं सांगितलं. चेसिस फोर्डची, १९४३ ची, अस्सल. इंजिन विलीजचं, जुनं बसवलेलं. बॉडी मूळचीच दिसते पण कापलेली. आरसीत चेसिस नंबर चुकीचा. आबा शांत होते. दलाल म्हणाला, "मग काय झालं, बुकातला नंबर चेसिसवर मारून देतो की. एका दिवसाचं काम."

मला राग आला आणि तो मी लपवला नाही. चेसिस नंबरशी छेडछाड हा गुन्हा आहे, हे एक झालं. पण त्याआधी, ऐंशी वर्षं गंजाशी झुंजून टिकलेला एकमेव खरा पुरावा पुसून त्या जागी कारकुनाची चूक कोरायची? आबाच मध्ये पडले. "न्हाई, तसलं काय करायचं न्हाई माझ्या गाडीला." दलाल त्यानंतर फारसा बोलला नाही.

कागदाचा रस्ता लांब आहे, पण आहे. केंद्राने २०२१ च्या जुलैमध्ये मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरू शकते. अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नव्याने नोंदणी करताना नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, शुल्क २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांची, नूतनीकरणाला ५,००० रुपये. ज्यांची नोंदणी आधीपासून आहे त्यांना जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. त्यामुळे डिझेल इंजिन चढवून, पॉवर स्टिअरिंग लावून, रुंद टायर टाकून मग व्हिंटेज म्हणून अर्ज करायचा विचार असेल, तर आधीच सोडून द्या. ती हौस वेगळी, त्यासाठी दुसरी चेसिस शोधा.

मावसभावाने गाडी घेतली. किंमत विलीजची नाही, आहे त्या गाडीची ठरली, आणि आबांना ती पटली. चेसिस नंबरची दुरुस्ती आबांच्याच नावावर असताना करून घ्यायची असं ठरलंय. त्यासाठी अर्जासोबत नंबरचे फोटो, पेन्सिलने घेतलेली चेसिस प्रिंट, ब्लॉकवरच्या ओतीव आकड्याचा फोटो आणि आबांचं प्रतिज्ञापत्र जोडलंय. पुढे तपासणीला गाडी न्यायची आहे.

दुरुस्तीबद्दल मी त्याला अटी घातल्यात. सँडब्लास्टिंगला चेसिस पाठवताना नंबरच्या जागेवर जाड टेप आणि वर पत्रा. 'एफ' चा एकही बोल्ट फेकायचा नाही, झिजला असेल तर डबीत ठेवायचा. मागचा कापलेला पत्रा जोडताना जुन्याच पत्र्याला जोडायचा, अख्खी बॉडी बदलायची नाही. बॉनेटवरचा रंग काढायच्या आधी वॉटर पेपरने ओलं करून थर थर घासत जायचं. अमेरिकन लष्करात या गाडीचा बॉनेटवरचा नंबर २० ने सुरू व्हायचा, त्याचा माग कधी कधी तळच्या हिरव्यावर सापडतो. आम्हाला आतापर्यंत पांढऱ्या रंगाची एक वक्र रेघ मिळाली आहे. ती शून्याची असेल किंवा नऊची. तेवढ्यावरून काही म्हणायचं नाही, बाकीचं बॉनेट अजून घासायचं आहे.

इंजिन विलीजचंच राहणार. पण कुणाकडे 'जीपीडब्ल्यू' शिक्क्याचा सुटा ब्लॉक पडून असेल, भेगाळलेला का असेना, तर कळवा. शेजारी ठेवून बारकावे बघायला हवाय. फक्त नंबरच्या जागेचा फोटो पाठवायच्या आधी तिथे ग्राइंडर लावू नका. डिझेल, थिनर आणि खडू पुरतं.